श्वान सेल, काळं कापड आणि रिकाम्या वेल

आमच्या आईनं गेली तीन वर्षं सगळ्या नातेवाईकांना सांगून ठेवलंय की पोरगी पुण्यात कुत्र्याच्या पेशींवर पीएचडी करते. चूक माझीच, पहिल्या वर्षी घाईघाईत फोनवर "श्वान सेल" एवढंच बोलले आणि पुढं समजावून सांगायचं राहिलं. आता लग्नाकार्यात कोणी ना कोणी विचारतंच, काय गं, कुत्री कुठून आणता? तर सुरुवातीलाच सांगते, कुत्र्याचा काही संबंध नाही. थिओडोर श्वान नावाचा जर्मन शास्त्रज्ञ होता, प्राण्यांचं शरीर पेशींचं बनलेलं असतं हे १८३९ मध्ये मांडणारा तो, त्याच्या नावावरून श्वान सेल. मेंदू आणि मज्जारज्जू सोडून बाकी शरीरभर ज्या नसा जातात ना (नस म्हणजे इथं नर्व्ह, रक्ताची नाही), त्यांच्या धाग्यांना गुंडाळून बसणाऱ्या या पेशी. वायरीवर प्लास्टिकचं कोटिंग असतं तसं मायलिनचं कोटिंग या करतात, एक पेशी धाग्याच्या एका तुकड्यापुरतं. आणि नस तुटली की यांचं खरं काम सुरू होतं, कोटिंगचं काम सोडून देतात, मोडतोड साफ करतात, एकामागे एक रांग लावून उभ्या राहतात आणि वाढीचे प्रोटीन सोडतात, मग त्या रांगेच्या आधारानं नस पुढे सरकते. तेही कसं, तर दिवसाला साधारण १ मिलिमीटर. मनगटापाशी तुटली तर बोटाच्या टोकाला पोचायला कित्येक महिने.

मी यात का पडले त्याला एक कारण आहे. माझ्या मामेभावाचा हात कडबाकुट्टीत गेला होता. बोटं वाचली पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर आणि वाकडं राहिलं. डॉक्टरांनी पोटरीच्या मागची एक नस काढून हातात जोडली, मोठी फट असेल तर आजही हाच खात्रीचा उपाय समजतात, आणि पायाच्या कडेला त्याला आता काही जाणवत नाही ते वेगळंच. एका जागी बरं करायला दुसरीकडून कापायचं. म्हणून जगभर लोक अशी नळी किंवा पट्टी करायच्या मागं लागलेत की ती फटीत बसवली की नस तिच्यावरून चढत जाईल, कारल्याच्या वेलाला मांडव घालतो तसं. याला स्कॅफोल्ड म्हणतात, शब्दाचा अर्थ खरं तर परांची, पण मला मांडव जास्त पटतं.

आता यात वीज वाहून नेणारं प्लास्टिक कुठून आलं? नस विजेवर चालते, मग मांडवही वीज वाहणारा का नको, असा सरळ विचार. वीज वाहणारं पॉलिमर म्हटलं की हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा, २००० सालचं केमिस्ट्रीचं नोबेल. आणि आमच्या क्षेत्रात प्रत्येक थिसिसच्या पहिल्या चॅप्टरला येणारं काम म्हणजे १९९७ चं श्मिट, शास्त्री, व्हॅकांटी आणि लँगर यांचं. पॉलिपायरोल या वीज वाहणाऱ्या पॉलिमरच्या फिल्मवर पीसी-१२ नावाच्या, नर्व्ह पेशींसारखे धागे काढणाऱ्या पेशी वाढवल्या, २ तास १०० मिलिव्होल्ट दिले आणि पेशींचे धागे बिनविजेच्या मानानं जवळजवळ दुप्पट लांब झाले. हे वाचून माझ्यासारख्या पोरी भारावून जातात आणि पीएचडीला नाव घालतात. पुढं काय वाढून ठेवलंय ते त्या पेपरात लिहिलेलं नसतं.

माझं काम ऐकायला अगदी साधं. पॉलिपायरोल चढवलेलं स्कॅफोल्ड बनवायचं आणि श्वान सेलना ते चालतं का बघायचं. चालतं का म्हणजे, जगतात का, चिकटतात का, वाढतात का, आणि श्वान सेलसारख्याच वागतात का. सर म्हणाले होते सहा महिन्यांत होईल. सव्वादोन वर्षं लागली.

आधी कापड. पीसीएल नावाचं पॉलिमर क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये विरघळवायचं, सिरिंजमध्ये भरायचं, सुईला १५-२० किलोव्होल्ट द्यायचे आणि समोर फिरणाऱ्या ड्रमवर ते कोळ्याच्या जाळ्यासारखं गुंडाळत जातं. ड्रम जोरात फिरवला की धागे एका दिशेत येतात. हे सगळं मी जुलैमध्ये सुरू केलं. पुण्यात जुलैमध्ये पापड वाळत नाहीत तिथं हे काय वाळणार, हवेतला ओलावा धाग्यावर बसतो, धाग्याला खड्डे पडतात, मण्यांसारख्या गाठी येतात, कधी धागा बनायच्या आधीच थेंब टपकतो. मी महिनाभर व्होल्टेज कमी-जास्त करत बसले, कॉन्सन्ट्रेशन बदललं, सुई बदलली, शेवटी लॅबचे काका म्हणाले मॅडम तुमचं ते मशीन पावसाळ्यात चालत नाही, मागच्या पोरांचं पण चालायचं नाही, ते दिवाळीनंतर करायचे. हे मला पहिल्या दिवशी का नाही सांगितलं? विचारलं नाही म्हणून. मग डिह्युमिडिफायर लावला आणि चालू झालं.

त्या पांढऱ्या कापडावर पॉलिपायरोल चढवायचं काम मला मनापासून आवडतं. बर्फात भांडं, त्यात पायरोल आणि डोपंट (ज्याच्यामुळं पॉलिमर वीज वाहतं ते), कापड बुडवून ठेवायचं आणि वरून फेरिक क्लोराईड सोडायचं. बघता बघता पाणी हिरवट होतं, मग गडद, मग काळं कुळकुळीत, रात्रभर ठेवलं की सकाळी कापड कोळशासारखं काळं. मल्टिमीटरच्या दोन पिना टेकवल्या की आकडा दाखवतं. पहिल्यांदा तो आकडा आला तेव्हा मी आईला फोन केला होता, प्लास्टिकमधून करंट गेला गं. ती म्हणाली जपून, शॉक बसेल. एकच सूचना, पायरोलची बाटली उघडून ठेवली की ते तपकिरी पडत जातं, ते गाळून किंवा डिस्टिल करूनच वापरा, आळस करू नका. मी केला होता.

मग खरी परीक्षा.

पहिली अडचण निर्जंतुक करायची. ऑटोक्लेव्ह (गरम वाफेचा मोठा कुकर) विसरा, पीसीएल ६० डिग्रीला वितळतं (एकदा ओव्हनमध्ये वाळवायला ठेवून मी चार शीटचा डांबरगोळा केलेला आहे). म्हणून ७० टक्के अल्कोहोल आणि यूव्ही. यूव्ही आत जात नाही, त्यात कापड काळं, त्यामुळे दोन्ही बाजू पलटून. दुसरी अडचण, कापड तरंगतं. पीसीएलला पाणी आवडत नाही, वेलमध्ये (पेशी वाढवायच्या प्लेटमधला छोटा खळगा, कारल्याचा वेल नव्हे) मीडिया, म्हणजे पेशींचं पातळ खाणं, टाकला की कापड वर येऊन बसणार आणि पेशी खाली प्लॅस्टिकवर जाऊन मजेत वाढणार, आणि आपण समजणार की स्कॅफोल्डवर वाढल्यात. कापड खाली दाबून ठेवायला रिंग लागते. इंपोर्टेड रिंगा मिळतात पण त्यांची किंमत बघून मी सरळ बोहरी आळीत गेले आणि हार्डवेअरच्या दुकानातून काळ्या रबराच्या ओ-रिंगा आणल्या, दहा रुपयाला मूठभर. उकळल्या, अल्कोहोलमध्ये ठेवल्या, लावल्या.

दोन दिवसांत सगळ्या पेशी मेल्या. म्हणजे सगळ्या, साध्या पांढऱ्या पीसीएलवरच्या पण, आणि तिथं मरायचं काही कारणच नव्हतं. आठवडा गेला मला कळायला की रिंग मारतेय. नुसती रिंग आणि पेशी असं ठेवून बघितलं, रिंगच्या भोवती मोकळं मैदान. मग सिलिकॉनच्या रिंगा आणल्या आणि त्या आधी एकट्या तपासल्या. त्या दिवसापासून माझ्या प्लेटमध्ये "फक्त रिंग" अशी वेल असते. ही माझी पहिली रिकामी वेल म्हणायची.

रिंग बदलली तरी काळ्या कापडावरच्या पेशी मरतच होत्या. सकाळी इनक्युबेटर उघडला की काळ्या कापडाच्या वेलमधला मीडिया पिवळा. मीडियात फिनॉल रेड असतं, नीट असेल तर लालसर, ॲसिड झालं की पिवळं, आणि इनक्युबेटरमधला सीओटू (कार्बन डायऑक्साईड) संपला की गुलाबी-जांभळट. पेशी भरपूर वाढल्या तरी पिवळा होतो म्हणून मी आधी खूशच झाले होते. मायक्रोस्कोपखाली बघायला गेले तर काय दिसणार, आमचा मायक्रोस्कोप खालून बघणारा, उजेड वरून, मध्ये काळं कापड. अंधार. फक्त कडेला गोल गोल, सुटून तरंगणाऱ्या पेशी. बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभं राहिल्यासारखं, आत काय चाललंय कळत नाही.

झालं असं होतं की कापड धुतलंच नव्हतं धड. तीनदा पाण्यातून काढलं की झालं असं समजत होते. आत उरलेलं लोखंड, न जुळलेला पायरोल, सुटं ॲसिड, सगळं हळूहळू मीडियात उतरत होतं. मग धुण्याचा सपाटा लावला, पाणी, अल्कोहोल, परत पाणी, मग पीबीएस नावाच्या मीठपाण्यात तीन दिवस, रोज दोनदा बदलायचं, आणि शेवटी साध्या मीडियात एक रात्र ठेवून रंग बघायचा, लालचा लाल राहिला तरच पुढं जायचं. आता यातली गंमत अशी की जास्त धुवावं तर वीज वाहायची ताकद कमी होते. पॉलिपायरोलला वाहकपणा येतो तो डोपंटमुळं, आणि शरीराच्या पीएचला, मीठपाण्यात, डोपंट सुटत जातो. साबण जास्त लावला की रंग जाणाऱ्या साडीसारखं. म्हणजे पेशींना आवडावं म्हणून जे करावं त्यानं करंट कमी होणार. दरवेळी धुण्याआधी आणि धुतल्यानंतर फोर-पॉइंट प्रोबनं मोजायचं आणि कुठं थांबायचं ते ठरवायचं. आमच्या बाजूचा ग्रुप पॉलिअनिलिनवर काम करत होता, त्यांचं तर अजून वाईट, ते ॲसिडमध्ये हिरवं आणि वाहक असतं, शरीराच्या पीएचला आलं की निळं पडतं आणि करंट बराचसा बंद. त्यांच्याकडं बघून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

धुतलेल्या कापडाची पहिली अधिकृत टेस्ट आयएसओ १०९९३ (शरीरात वापरायच्या वस्तू तपासायचं आंतरराष्ट्रीय मानक) च्या पाचव्या भागाप्रमाणं. कापड मीडियात बुडवून ३७ डिग्रीला २४ तास ठेवायचं, जाडी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर १ मिलीला ६ चौरस सेंटिमीटर या हिशेबानं, आणि मग तो काढा पेशींना पाजायचा. कंट्रोलच्या, म्हणजे काढा न पाजलेल्या पेशींच्या मानानं ७० टक्क्यांच्या खाली जिवंत राहिल्या तर माल विषारी. यासाठी एल-९२९ नावाचे उंदराचे फायब्रोब्लास्ट (जोडऊतीच्या पेशी) वापरतात, ते एनसीसीएस म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सच्या सेल रिपॉझिटरीतून आणलेले, पुण्यात असल्याचा हा एक मोठा फायदा. टेस्ट चालते ना हे कळायला, मुद्दाम मारायला म्हणून लॅटेक्स ग्लोव्हचा तुकडा. आम्ही पास झालो. पण एल-९२९ म्हणजे एसटी स्टँडवरचा वडापाव खाऊनही काही न होणारी माणसं, त्यांना चाललं म्हणजे श्वान सेलना चालेल असं नाही. आणि काढा पिणं वेगळं, त्या कापडावर संसार करणं वेगळं.

म्हणून पुढं उंदराच्या श्वान सेलची आरएससी-९६ ही लाईन थेट कापडावर. आणि इथं मी आयुष्यातली सगळ्यात सुंदर चूक केली.

एमटीटी म्हणजे जिवंत पेशी मोजायची टेस्ट, पिवळी पावडर, जिवंत पेशी तिचं जांभळं फॉर्मझान करतात, डीएमएसओमध्ये विरघळवून ५७० नॅनोमीटरला वाचायचं, जितकं जांभळं तितक्या पेशी जिवंत. माझ्या काळ्या कापडानं साध्या कापडापेक्षा भरघोस जास्त आकडा दिला. तीनदा केलं, तीनदा तेच. सर खूश, म्हणाले लगेच ॲब्स्ट्रॅक्ट लिही, लिहिला, कॉन्फरन्सला पाठवला, पोस्टर म्हणून घेतलाही. मी डोक्यात पेपरचं टायटल पण बनवून ठेवलेलं.

पोस्टरचे फोटो काढायला म्हणून एक प्लेट लावली, त्यात काही कापडं जास्तीची होती, पेशी संपल्या होत्या म्हणून ती तशीच मीडियात ठेवली. एमटीटी टाकताना हात चालू होता, त्यांच्यातही टाकलं. तीन तासांनी बघते तर त्या वेल पण जांभळट. पेशी एकही नाही. मला वाटलं मीच चुकून पेशी टाकल्या असतील, परत केलं, मुद्दाम, सहा वेल रिकाम्या. जांभळट. पॉलिपायरोल स्वतःच इलेक्ट्रॉन देतं-घेतं, तेच तर त्याचं काम, ते पेशीशिवायच एमटीटीचा रंग बदलत होतं. आणि काळ्या कापडाचे बारीक कण डीएमएसओत सुटले असतील तर तेही ५७० ला उजेड अडवणारच. उलट बाजूनं सच्छिद्र कापड रंग शोषूनही घेतं, पॉलिपायरोल तर पाण्यातला रंग काढायला वापरतात लोक. म्हणजे आकडा एकीकडून फुगणार, दुसरीकडून आटणार, आणि त्यात माझ्या पेशी नक्की किती हे देवालाच ठाऊक.

मी दोन दिवस सरांना सांगितलं नाही. मेसमध्ये जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी वही घेऊन केबिनमध्ये गेले आणि म्हटलं सर, ब्लँक (वजा करायची बिनपेशीची वेल) लावला नव्हता. सर म्हणाले लावला होता ना, टेबलमध्ये आहे. म्हटलं तो मीडियाचा ब्लँक, कापडाचा नाही. त्यांनी चष्मा काढला, बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं, आणि म्हणाले, ॲब्स्ट्रॅक्ट मागं घे. ओरडले असते तर बरं झालं असतं. नंतर मी जुने काही पेपर परत काढून वाचले, आता नजर बदलली होती, सरळ मेथड्सवर जायचं आणि बिनपेशीच्या स्कॅफोल्डचा आकडा वजा केलाय का शोधायचं. काहींनी स्पष्ट लिहिलंय. काहींनी नाही. केला असेल आणि लिहिला नसेल, असंही होतं.

पुढचे चार-पाच महिने मी पेशींवर कमी आणि टेस्टवर जास्त काम केलं. अलामार ब्लू घेतलं, त्यात फायदा असा की पेशी मरत नाहीत आणि रंग मीडियातच राहतो, तो मीडिया उचलून दुसऱ्या प्लेटमध्ये नेऊन वाचायचा, काळं कापड मागं राहतं. तरी रिकाम्या कापडाचा आकडा शून्य आला नाही, थोडा आला, पण रोज तेवढाच, म्हणजे वजा करता येतो. डीएनए मोजून बघू म्हटलं, पिकोग्रीननं, डीएनए म्हणजे पेशींची थेट शिरगणती. तिथं वेगळीच तऱ्हा, डोप केलेलं पॉलिपायरोल धन भाराचं आणि डीएनए ऋण भाराचा, पेशी फोडल्या की डीएनए जाऊन कापडालाच चिकटतो आणि आकडा कमी येतो. हे कसं कळलं, तर मोजून घेतलेला डीएनए रिकाम्या कापडावर टाकला आणि परत किती मिळतो बघितलं. परत रिकामी वेल. मेलेल्या पेशींसाठी एलडीएच (फुटलेल्या पेशीतून बाहेर पडणारं एन्झाइम) मोजलं, तिथंही प्रोटीन कापडावर बसतं का ते आधी तपासावं लागलं.

शेवटी डोळ्यांनी बघण्याला पर्याय नव्हता. कॅल्सीननं जिवंत पेशी हिरव्या, प्रोपिडियम आयोडाईडनं मेलेल्या लाल, आणि काळ्या कापडातून दिसत नाही तर कापडच उलटं करायचं. चिमट्यानं उचलून, पेशींचं तोंड खाली करून, काचेवर थेंबभर बफरमध्ये भाजीवाल्या बाईनं मेथीची जुडी ठेवावी तसं अलगद ठेवायचं, चोळलं की सगळ्या पेशी खरवडल्या जातात. हे साधं उलटं करणं मला कुणी सांगितलं नव्हतं, एका संध्याकाळी चिडून सुचलं. आणि दिसल्या. हिरव्या. काळ्याभोर पार्श्वभूमीवर हिरव्या लांबट रेघा, लाल ठिपके तुरळक. फोटो तर इतका झकास आला, पार्श्वभूमीची चमक अजिबात नाही, काळ्या कापडाचा तेवढा एक उपकार. एसईएमला (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) पण तसंच, बाकीचे लोक सॅम्पलवर सोन्याचा मुलामा देतात चार्ज साठू नये म्हणून, आमचं कापड स्वतःच वाहक, थेट आत घालायचं. तिथल्या ऑपरेटरनं तीनदा विचारलं, मॅडम, सोनं नको? नको म्हटलं, परवडत नाही.

उत्तर काय आलं ते सांगते, म्हणजे लटकत ठेवायला नको. नीट धुतलेल्या पॉलिपायरोलच्या कापडावर आरएससी-९६ साध्या पीसीएलइतपतच जगतात, पहिल्या दिवशी चिकटतात थोड्या जास्त, सातव्या दिवशी फरक पुसला जातो. एमटीटीनं दाखवलेली ती भरघोस वाढ कुठंच नव्हती.

लाईन म्हणजे अमर केलेल्या पेशी, त्या कशावरही वाढायच्या वृत्तीच्या. खऱ्या श्वान सेलचं काय? त्यासाठी नवजात उंदरांच्या मांडीतली सायटिक नर्व्ह लागते. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी, त्यात प्रत्येक पिल्लाचा हिशेब आणि तितकी का लागतात याचं कारण. हा भाग मला जड गेला आणि त्याबद्दल फार लिहिणार नाही. सीनियर ताईनं हाताला धरून शिकवलं, केसाएवढी नस, मायक्रोस्कोपखाली तिचं आवरण सोलायचं, एन्झाइममध्ये ठेवायचं. पेशी बाहेर येतात पण सोबत फायब्रोब्लास्ट पण येतात, आणि ते म्हणजे काँग्रेस गवत, दोन दिवस दुर्लक्ष केलं की सगळं शेत त्यांचं. म्हणून अ‍ॅरा-सी देतात, जी पेशी भराभर विभागते ती त्यानं मरते, श्वान सेल सुरुवातीला सुस्त असतात म्हणून वाचतात. मग त्या सुस्त पेशींना वाढवायला फोर्स्कोलिन आणि हेरेग्युलिन, खाली लॅमिनिनचा थर. नाजूक प्रकरण. मग एस-१०० चा रंग लावून मोजायचं की यातल्या श्वान किती आणि घुसखोर किती.

याच वेळी विसर्जनाच्या दिवशी सीओटूचा सिलिंडर संपला. ज्यांना पुण्यातलं विसर्जन माहितीय त्यांना सांगायला नको, रस्ते बंद, सप्लायरचा फोन लागतोय पण मागं ढोल इतका की तो काय बोलतोय कळत नाही. मीडिया गुलाबी पडत चाललेला. बाजूच्या डिपार्टमेंटच्या इनक्युबेटरमध्ये जागा मागून डबे हातात धरून मी जिन्यानं चार मजले चढले, लिफ्टला धक्का बसतो म्हणून. अर्ध्या पेशी गेल्या. अर्ध्या राहिल्या.

त्या राहिलेल्यांनी जे दाखवलं त्यासाठी मात्र एवढं सगळं केल्याचं वाईट वाटत नाही. विस्कटलेल्या धाग्यांच्या कापडावर त्या कशाही पसरलेल्या, आणि ड्रम जोरात फिरवून केलेल्या सरळ धाग्यांवर एकामागे एक, दोन्ही टोकं ताणून, दिंडी निघाल्यासारख्या. नस तुटल्यावर शरीरात ज्या रांगा लावतात, ब्युंगनरचे पट्टे म्हणतात त्यांना, तशाच. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर ही करामत धाग्याच्या दिशेची, विजेच्या पॉलिमरची नाही, पांढऱ्या पीसीएलच्या सरळ धाग्यांवरही त्या तशाच लागल्या होत्या. सव्वादोन वर्षं काळं कापड धुतलं आणि कौल गेला ड्रमच्या स्पीडकडं.

मग करंट द्यायचा राहिला होता, काळ्या कापडाची बाजू मांडायला तेवढी एकच जागा उरली होती. तापकीर गल्लीतून वायरी, मगरक्लिपा, छोटा पॉवर सप्लाय आणला. पहिल्याच दिवशी इलेक्ट्रोडपाशी बुडबुडे, पाण्याचं इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे पेशींना वीज कमी आणि केमिकल जास्त. मग अगारमध्ये मीठपाणी भरून नळीचे पूल केले, इलेक्ट्रोड दूर ठेवले. आणि इथंही रिकामी वेल लावली, म्हणजे सगळ्या वायरी जोडलेल्या, फक्त स्विच बंद. कारण नुसतं झाकणाला भोक पाडून नळ्या घातल्या तरी मीडिया उडतो, जंतू शिरतात, पेशी वैतागतात, त्याचं खापर करंटवर फुटायला नको. १०० मिलिव्होल्ट प्रति मिलिमीटर, रोज एक तास. श्वान सेल एनजीएफ (नस वाढवणारं प्रोटीन) जास्त सोडतात का ते एलायझा या प्रोटीन मोजायच्या टेस्टनं बघितलं. एका बॅचमध्ये छान वाढलेलं, दुसरीत किंचित, तिसरीत काहीच नाही. चौथी बॅच आत्ता इनक्युबेटरमध्ये आहे. ती नीट आली तर डीआरजीच्या (मज्जारज्जूच्या शेजारच्या गाठींतल्या) नर्व्ह पेशींसोबत एकत्र वाढवून मायलिन गुंडाळतात का बघायचं, खरी परीक्षा तीच, पण तिथवर जायचंय अजून.

मामेभाऊ दिवाळीत भेटला. मोबाईलवर हिरव्या रेघांचा फोटो दाखवला त्याला. बघितला, झूम केला, म्हणाला हे माझ्या हातात कधी बसवणार? म्हटलं दादा, अजून उंदरापर्यंत पण गेलं नाही, आणि तुझ्या हाताला आता उशीर झालाय. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग तो म्हणाला फोटो पाठव, स्टेटसला ठेवतो, बहिणीनं काढला म्हणून.

गेल्या आठवड्यात लॅबमध्ये नवीन पोरगा आलाय एमएस्सीचा, हुशार आहे, हात स्थिर. चौथ्या बॅचची एक जोडीची प्लेट मी त्याला लावायला सांगितली, आकृती काढून दिली, कुठं काय टाकायचं ते लिहून दिलं आणि सेमिनारला गेले. परत आले तर तो अगदी आनंदात. "ताई, तुमच्या सहा वेल रिकाम्या राहिल्या होत्या, पेशी थोड्या उरल्या होत्या, मी त्यांच्यात पण टाकल्या, वाया नाही घालवल्या."

प्लेट सोमवारी परत लावतोय.